यंत्र दिल्यानंतरचा जमाखर्च

(विश्वस्त संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने झालेल्या भाषणाचा पाठ)



वार्षिक हिशेबपत्रके आपणांसमोर मांडून झाली आहेत. मा. कोषाध्यक्षांनी त्यांतील महत्त्वाच्या बाबींचा परामर्श घेतला असल्याने आम्ही त्यांची पुनरुक्ती करीत नाही. हा अल्प वेळ आम्ही एका वेगळ्या कारणासाठी मागून घेतला आहे. आगामी वर्षात कान-नाक-घसा विभागाकरिता जो निधी देणगीदारांच्या औदार्याने उपलब्ध होत आहे, त्याच्या विनियोगाविषयी विश्वस्त मंडळापुढे दोन प्रस्ताव आहेत. एका प्रस्तावानुसार संपूर्ण रकमेची श्रवणयंत्रे खरेदी करून एका समारंभात त्यांचे विनामूल्य वाटप व्हावे. दुसऱ्या प्रस्तावानुसार यंत्रे संख्येने कमी घ्यावीत आणि उरलेल्या रकमेतून प्रत्येक यंत्राच्या तीन वर्षांच्या देखभालीची तरतूद करावी. प्रशासनाचा कौल दुसऱ्या प्रस्तावास आहे. तो का, हे सांगताना जगाच्या पाठीवर या क्षेत्रात काय घडले आहे याचा थोडा आढावा घेणे आवश्यक वाटते. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे असल्याने वैद्यकीय बारकावे आमच्या तज्ज्ञ सहकाऱ्यांवर सोपवून आम्ही मुख्यत्वे पैशाच्या आणि माणसांच्या अंगानेच बोलू.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये श्रवणशक्तीविषयीचा पहिला जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार जगात सुमारे १५० कोटी लोकांना कमी-अधिक प्रमाणात ऐकू कमी येते आणि त्यांपैकी ४३ कोटी लोकांना उपचारांची वा पुनर्वसनाची निकड आहे. २०५० सालापर्यंत हे आकडे अनुक्रमे २५० कोटी आणि ७० कोटींच्या घरात जातील, असा या अहवालाचा अंदाज आहे. निकड असलेल्यांपैकी जवळजवळ ८० टक्के लोक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. ज्यांना श्रवणयंत्राचा उपयोग होऊ शकेल अशा शंभर व्यक्तींमागे ते प्रत्यक्ष वापरणाऱ्या केवळ सतरा आहेत. या दुर्लक्षापायी जगाचे दरवर्षी ९८० अब्ज डॉलरांचे नुकसान होते, असेही अहवालात म्हटले आहे. आमच्यासारख्या हिशेबाच्या माणसास त्यातील दुसरी एक नोंद अधिक बोलकी वाटली. दरडोई दरवर्षी १ डॉलर ४० सेंट एवढा जादा खर्च केल्यास दहा वर्षांत प्रत्येक डॉलरमागे सुमारे १६ डॉलरांचा परतावा मिळेल, असा तो हिशेब आहे. एवढा परतावा देणारी दुसरी गुंतवणूक आमच्या तीस वर्षांच्या नोकरीत आमच्या पाहण्यात आलेली नाही. मुदत ठेवींचे तर नावच काढायला नको.

असे असूनही या कामासाठी पैसा सहजी का उभा राहत नाही, हा प्रश्न आम्ही अनेकदा आमच्या डॉक्टर मंडळींना विचारला आहे. त्यांचे उत्तर असे, की बहिरेपणाने माणूस दगावत नाही आणि तो डोळ्यांना दिसतही नाही. मोतीबिंदूची पट्टी काढताच आजीबाईंच्या चेहऱ्यावर हसू उमटते, त्याचे छायाचित्र निघते आणि ते अहवालात शोभून दिसते. कानाचे तसे नाही. ज्या मुलास ऐकू येत नाही त्याला शाळेत ‘मठ्ठ’ ठरवतात, घरात ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोलणी बसतात. आणि आजोबांना ऐकू येईनासे झाले की घरचे त्यांच्याशी हळूहळू बोलणेच सोडून देतात. वय झाले, चालायचेच, म्हणून तो विषय तिथेच मिटतो.

प्रथम जे टाळता येण्यासारखे आहे त्याविषयी बोलू. बालकांमधील सुमारे ६० टक्के श्रवणदोष प्रतिबंधयोग्य कारणांमुळे होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. येथे आपल्या महाराष्ट्राला अभिमान वाटावा असा एक अध्याय आहे आणि तो आपल्याकडे पुरेसा ठाऊक नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. आफ्रिका खंडात पश्चिमेकडील सेनेगलपासून पूर्वेकडील इथिओपियापर्यंत पसरलेल्या पट्ट्यात मेंदूज्वराच्या, म्हणजे मेनिंजायटिसच्या, भयंकर साथी येत असत. १९९६-९७ च्या एका साथीत अडीच लाखांहून अधिक लोकांना लागण झाली आणि सुमारे २५ हजार दगावले. जे वाचले त्यांच्यापैकी अनेकांची श्रवणशक्ती कायमची गेली. कारण हा रोग अंतर्कर्णाच्या नाजूक पेशींना इजा करतो आणि त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. या साथींच्या मुळाशी असलेल्या ‘ए’ गटाच्या जंतूवर परिणामकारक लस बनविणे तांत्रिकदृष्ट्या शक्य होते. परंतु ती घेणारी राष्ट्रे गरीब असल्याने मोठ्या कंपन्यांना त्यात स्वारस्य नव्हते. आफ्रिकी राष्ट्रांनी आपल्याला परवडेल अशी किंमत स्पष्टपणे सांगितली होती: प्रति मात्रा अर्ध्या डॉलरहून कमी. जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ ही संस्था यांच्या संयुक्त प्रकल्पात ती किंमत स्वीकारून लस बनविण्याची जबाबदारी घेतली ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाने. ‘मेनआफ्रीव्हॅक’ नावाची ही लस डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो, माली आणि नायजर या देशांत देण्यास प्रारंभ झाला. पुढे तीस कोटींहून अधिक लोकांना ती मिळाली आणि २०१७ नंतर त्या पट्ट्यात ‘ए’ गटाच्या जंतूचा रुग्ण आढळलेला नाही. पाच गटांच्या जंतूंवरील नवी लसही पुण्यातच तयार झाली आणि २०२४ मध्ये ती वापरात आणणारा नायजेरिया हा पहिला देश ठरला.

या उदाहरणात किंमत आधी ठरली आणि वस्तू नंतर घडली. व्यापाराची नेहमीची रीत याच्या नेमकी उलट असते. श्रवणयंत्रांच्या बाबतीत असे अद्याप घडलेले नाही, याकडे आम्ही सभेचे लक्ष वेधू इच्छितो.

प्रतिबंधाची आणखी दोन उदाहरणे थोडक्यात देतो. गरोदरपणात मातेस रुबेला झाल्यास बाळ जन्मतः कर्णबधिर असण्याची शक्यता असते. म्हणूनच आपल्या देशात २०१७ पासून गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम टप्प्याटप्प्याने राबविण्यात आली. दुसरे उदाहरण क्षयरोगाचे आहे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर पूर्वी दिल्या जाणाऱ्या कॅनामायसिनसारख्या इंजेक्शनांनी कित्येक रुग्णांचा क्षय बरा होई, पण कान कायमचे जात. दक्षिण आफ्रिकेने २०१८ मध्ये या इंजेक्शनांऐवजी बेडाक्विलिनच्या गोळ्या देण्याचे धोरण स्वीकारले आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही केवळ तोंडावाटे घ्यावयाच्या औषधोपचारास प्राधान्य दिले. ज्या रुग्णांचे कान आधीच गेले होते, त्यांना मात्र त्याचा काही लाभ नाही.

आता माणसांच्या तुटवड्याविषयी. अल्प उत्पन्नाच्या देशांपैकी सुमारे ७८ टक्के देशांत दहा लाख लोकसंख्येमागे कान-नाक-घसा तज्ज्ञांची संख्या एकाहूनही कमी आहे आणि सुमारे ९३ टक्के देशांत श्रवणतज्ज्ञांचीही तीच स्थिती आहे. नवी महाविद्यालये काढून हा तुटवडा भरून काढावयाचा म्हटले तर एक पिढी लोटेल. म्हणून काही ठिकाणी कामाचीच वाटणी वेगळ्या रीतीने करण्यात आली. दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया विद्यापीठात प्रा. डी वेट स्वानेपूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या मोबाइल फोनवर आणि प्रमाणित हेडफोनवर चालणारी श्रवणचाचणी विकसित केली. तपासणीच्या जागी गोंगाट किती आहे हेही तो फोन मोजतो, त्यामुळे आवाजबंद खोलीवाचून काम चालते आणि अल्प प्रशिक्षण घेतलेली स्थानिक आरोग्य कार्यकर्ती घरोघरी जाऊन तपासणी करू शकते. गोंगाटात उच्चारलेले आकडे ओळखण्याची अशीच एक चाचणी २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्वांसाठी विनामूल्य उपलब्ध करून दिली. पुढे केपटाऊननजीकच्या खायेलित्शासारख्या कष्टकऱ्यांच्या वस्त्यांत अशा कार्यकर्त्यांनी केवळ तपासणीच नव्हे, तर प्रौढांना श्रवणयंत्र बसविण्याचे आणि ते वापरण्यास शिकविण्याचे कामही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली केले. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात तर अल्प उत्पन्न गटातील वृद्धांना ही मदत देण्यासाठी त्यांच्याच वयाच्या वृद्धांना प्रशिक्षित करण्यात आले. तो प्रयोगही यशस्वी ठरल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्याला स्वतःला ऐकू कमी येते, त्याने शेजाऱ्याला यंत्र कसे वापरावे हे शिकविणे अधिक पटते. आपल्या तालुक्यातील ज्येष्ठ नागरिक संघांनी या कल्पनेचा विचार अवश्य करावा.

अलास्काचे उदाहरण आम्हांस विशेष उद्बोधक वाटते. संपन्न देशातही वंचित भाग असतात, हे त्यावरून कळते. त्या प्रांताच्या वायव्य किनाऱ्यावरील मूलनिवासींच्या गावांना जोडणारे रस्ते नाहीत. छोट्या विमानानेच जावे लागते आणि हवामान बिघडले की तेही बंद. तेथील मुलांमध्ये कान वाहण्याचे व मध्यकर्णाच्या संसर्गाचे प्रमाण मोठे आहे. शाळेतील तपासणीत दोष आढळला की पूर्वी पालकांना पत्र जाई आणि बहुतांश प्रकरणे त्या पत्रापाशीच थांबत. नोम येथील आरोग्य संस्थेने संशोधकांच्या साहाय्याने पंधरा गावांत एक तौलनिक अभ्यास केला. काही गावांत तपासणीनंतर स्थानिक कर्मचाऱ्याने मुलाच्या कानाच्या पडद्याचे छायाचित्र व इतर नोंदी तज्ज्ञाकडे दूरसंपर्काने पाठवाव्यात, अशी व्यवस्था केली. उरलेल्या गावांत पत्राची जुनी रीत ठेवली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नव्या व्यवस्थेत सुमारे ६८ टक्के मुलांना पुढील तपासणी मिळाली, तर जुन्या रीतीत सुमारे ३२ टक्के मुलांना. दोन्हीकडे मुलांची प्राथमिक तपासणी झालीच होती. फरक पडला तो तपासणीनंतरच्या पाठपुराव्याने. आपल्या अहवालात ‘शिबिरात तपासलेले रुग्ण’ असा एक रकाना असतो. त्याच्या शेजारी ‘पुढे आलेले रुग्ण’ हा रकाना यापुढे असावा, असे आम्ही सुचवीत आहोत.

आणि आता यंत्राकडे येतो, कारण ठरावाचा विषय तोच आहे.

श्रवणयंत्र ही चष्म्यासारखी वस्तू आहे असा एक समज आहे. चष्मा एकदा दिला की काही वर्षे चालतो. श्रवणयंत्राचे तसे होत नाही. त्यात सामान्यतः वापरला जाणारा जस्ताचा बटण-सेल कागदी पट्टी काढताच हवेच्या संपर्काने कार्यरत होतो आणि वापरानुसार आठवड्या-दोन आठवड्यांत संपतो. म्हणजे दोन्ही कानांना यंत्र असलेल्या मुलास वर्षाकाठी पन्नास ते शंभर सेल लागतात. मुलाचा कान वाढतो, त्यामुळे कानाचा साचा वरचेवर बदलावा लागतो. सैल साच्यातून यंत्र शिट्टी वाजविते, वर्गातील मुले हसतात आणि मूल यंत्र काढून दप्तरात टाकते. पावसाळ्यात दमटपणाने यंत्र बिघडते, नळीत मळ अडकतो. आवाजाची पातळी एकदा लावून भागत नाही, ती पुन्हा जुळवावी लागते. मोजून-मापून न बसविलेले यंत्र भांड्यांचा आवाज आणि गाड्यांचे भोंगे तेवढेच मोठे करते. मग माणूस म्हणतो, ‘नको तुमचे यंत्र’, आणि ते ट्रंकेत जाऊन बसते. समारंभाने वाटलेल्या यंत्रांची अशी गत अनेक देशांत झालेली आहे आणि आपल्याही परिसरातील घरांघरांत तशी यंत्रे सापडतील. हिशेबाच्या भाषेत बोलावयाचे तर यंत्राची किंमत हा भांडवली खर्च असून सेल, साचे, दुरुस्ती आणि तंत्रज्ञाचा प्रवास हा आवर्ती खर्च आहे. देणगी पहिल्यासाठी सहज मिळते. दुसऱ्यासाठी मागताना आम्हांस संकोच वाटतो, कारण सेलांच्या पाकिटावर कोणाचे नाव कोरता येत नाही.

या अडचणीवर बोत्स्वाना देशातील ओत्से या गावी एक तोडगा निघाला. तेथे गोदिसा नावाच्या संस्थेने सौरऊर्जेवर पुन्हा भारित होणारे सेल वापरणारी यंत्रे बनविण्यास प्रारंभ केला. तो उपक्रम पुढे ‘सोलर इअर’ या नावाने ब्राझीलमध्येही गेला. यंत्रे जुळविण्याचे व त्यांच्या सूक्ष्म जोडण्या करण्याचे काम कर्णबधिर कामगारांकडे सोपविण्यात आले. खुणांच्या भाषेमुळे हात व डोळे यांचा उत्तम मेळ असल्याने हे काम ते विशेष कौशल्याने करतात, असे त्या संस्थेचे म्हणणे होते. दुसरीकडे अमेरिकेने ऑक्टोबर २०२२ पासून सौम्य ते मध्यम श्रवणदोष असलेल्या प्रौढांना डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून दुकानातून श्रवणयंत्र घेण्याची मुभा दिली. किंमत उतरण्याच्या दृष्टीने हे स्वागतार्ह आहे; तथापि लहान मुलांसाठी हा मार्ग नाही, हे येथे उपस्थित पालकांनी कृपया लक्षात ठेवावे. बाजारात व जाहिरातींत मिळणारे केवळ आवाज वाढविणारे स्वस्त उपकरण मुलाच्या कानात घालू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये अल्प साधनांच्या प्रदेशांत श्रवणयंत्र-सेवा कशी द्यावी याविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यातही यंत्र निवडणे, बसविणे, वापर शिकविणे आणि पाठपुरावा करणे ही एकाच सेवेची अंगे मानली आहेत.

आपल्या देशात काहीच नाही, असे मुळीच नव्हे. अपंग व्यक्तींना साहाय्यभूत साधने देणारी ‘एडिप’ योजना १९८१ पासून आहे. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून कार्यरत आहे. बधिरता प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. शाळा व अंगणवाडीतील बालकांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ तर २०१३ च्या फेब्रुवारीत तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथूनच झाला. या योजनांतून यंत्र मिळू शकते आणि पात्र बालकांना कॉक्लियर इम्प्लांटसाठीही साहाय्य मिळते. त्यामुळे जे शासनाकडून मिळू शकते त्यावर देणगीदारांचा पैसा खर्च करणे आम्हांस उचित वाटत नाही. तो पैसा शासकीय योजनेच्या कक्षेबाहेर जे राहते त्यासाठी हवा. एक उदाहरण देतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून पुढे श्रवणऱ्हास असल्यास ती व्यक्ती ‘ऐकू कमी येणारी’ आणि ७० डेसिबलपासून पुढे ‘कर्णबधिर’ ठरते. जागतिक आरोग्य संघटना मात्र चांगल्या कानात ३५ डेसिबलहून अधिक ऱ्हास असल्यास पुनर्वसनाची गरज मानते. या दोहोंच्या मधले, म्हणजे चाळीस-पन्नास डेसिबलचे, मूल कायद्याच्या व्याख्येत बसत नाही आणि वर्गात बाईंचे निम्मे बोलणे त्याच्या कानी पडत नाही. प्रमाणपत्र नसल्याने सवलत नाही आणि अगदीच ऐकू येत नाही असेही नसल्याने घरच्यांना शंका येत नाही. आमचा प्रस्ताव मुख्यतः या मुलांसाठी आहे.

याच संदर्भात नवजात बालकांविषयी दोन शब्द. जन्मानंतर पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारास प्रारंभ, असा क्रम जगभर मान्य आहे. कारण भाषा शिकण्याची मेंदूची उत्तम वर्षे तीच असतात. आपल्या प्रसूती विभागात ही तपासणी वेदनारहित असून बाळ झोपले असतानाही ती करता येते. ‘आमच्या घराण्यात कोणी बहिरे नाही, मग कशाला’, असे म्हणून काही आज्या नातवाची तपासणी नाकारतात. त्यांना आमची नम्र विनंती आहे, की जन्मतः श्रवणदोष असलेली बहुसंख्य बाळे ऐकू येणाऱ्या मातापित्यांच्याच पोटी जन्मतात. आणि ज्या बालकांना यंत्राचा वा शस्त्रक्रियेचा पुरेसा लाभ होत नाही, त्यांच्यासाठी भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे. ती शिकणे म्हणजे हार मानणे, असे कोणत्याही पालकाने समजू नये.

प्रस्तावाचे स्वरूप सांगून आम्ही आपली रजा घेतो. यंत्रांची संख्या कमी केल्याने काही इच्छुकांना या वर्षी प्रतीक्षा करावी लागेल, हे आम्ही लपवू इच्छित नाही. एका देणगीदार कुटुंबाने याविषयी नाराजीही व्यक्त केली आहे आणि त्यांचे म्हणणे निराधार नाही. ज्यांना या वर्षी यंत्र मिळणार नाही त्यांच्यासाठी एक वर्ष मोठेच असते. तरीही बचत होणाऱ्या रकमेतून सेल व साच्यांसाठी स्वतंत्र राखीव निधी निर्माण करावा, एका श्रवण-तंत्रज्ञाची नेमणूक करून महिन्यातून एकदा त्यांनी ठरावीक ग्रामीण केंद्रांवर बसावे आणि इच्छुक आशा कार्यकर्तींना कान तपासण्याचे प्राथमिक प्रशिक्षण द्यावे, अशी आमची शिफारस आहे. कानात कढत तेल किंवा झाडपाल्याचा रस घालू नये, वाहता कान कोरडा ठेवून डॉक्टरांना दाखवावा, एवढे जरी त्या प्रत्येक घरी सांगत राहिल्या, तरी आमच्या बाह्यरुग्ण विभागातील रांग काही प्रमाणात घटेल. ज्यांच्या घरी जुनी, बंद पडलेली यंत्रे असतील त्यांनी ती कृपया प्रवेशद्वाराजवळील टेबलावर नोंदवून जमा करावीत. दुरुस्त होण्याजोगी आहेत किंवा कसे, हे तपासून त्यांना कळविण्यात येईल.

ठरावाचा मसुदा आपणांस दिलेल्या कागदपत्रांच्या शेवटच्या पानावर आहे. अध्यक्ष महोदयांच्या अनुमतीने तो चर्चेसाठी सभेपुढे ठेवीत आहोत.